ओळखीच्या शब्दांचा घोळ

२७ मार्च २०२० रोजी रिझर्व्ह बँकेने कर्जाच्या हप्त्यांना तीन महिन्यांचं मोराटोरियम देण्याची मुभा बँकांना दिली. टाळेबंदी लागून दोनच दिवस झाले होते आणि पुढच्या पगाराचं काय होणार हे कुणालाच सांगता येत नव्हतं. नंतर ही मुदत ३१ ऑगस्टपर्यंत वाढली. तोवर बहुतेकांच्या कानावरही न आलेला हा शब्द एका रात्रीत व्हॉट्सॲपवरून घरोघरी पोचला, आणि त्याच्यासोबत अर्थही पोचला: हप्ते माफ. प्रत्यक्षात माफ काहीच झालं नव्हतं. हप्ता पुढे ढकलला गेला होता आणि मुदलावरचं व्याज नेहमीसारखं चढत होतं. आठ टक्क्यांनी नुकतंच घेतलेलं वीस वर्षांचं गृहकर्ज धरा. हप्त्याची रक्कम तीच ठेवून सहा महिने थांबलं, तर शेवटी पंचवीस-सव्वीस हप्ते जास्तीचे भरावे लागतात, कारण सुरुवातीच्या हप्त्यांत मुद्दल थोडं आणि व्याज फार असतं.

तरी मोराटोरियमची एक गोष्ट बरी होती. तो शब्द दिसायलाच अनोळखी, त्यामुळे काही लोकांनी तरी बँकेत फोन करून नेमकं काय ते विचारलं. 'राइट ऑफ'बद्दल कुणी विचारत नाही. त्यातला 'राइट' पहिलीपासूनचा आणि 'ऑफ' पंख्याच्या बटणावरचा. संसदेत दरवर्षी बँकांनी राइट ऑफ केलेल्या कर्जांचे आकडे येतात आणि दुसऱ्या दिवशी मराठी मथळा येतो, 'उद्योगपतींना इतक्या कोटींची कर्जमाफी'. बँकेच्या भाषेत राइट ऑफ म्हणजे वसुलीची आशा फारशी न उरलेलं कर्ज ताळेबंदातून बाजूला काढणं. कर्जदाराच्या डोक्यावरचं देणं त्याने एक रुपयानेही कमी होत नाही, दावे चालू राहतात, तारण विकता येतं. खरी माफी म्हणजे 'वेव्हर'. आपण दोन्हींना कर्जमाफी म्हणतो आणि मग एक जण म्हणतो माफी झाली, दुसरा म्हणतो झालीच नाही, आणि दोघंही तावातावाने भांडतात. बाजूला काढलेल्या कर्जातलं पुढे किती वसूल होतं, हा प्रश्न रास्तच आहे. तो विचारायला हवा. पण तो विचारण्यासाठी आधी दोन शब्द वेगळे ठेवावे लागतात. भरीला आपल्याकडे 'वेव्ह ऑफ' नावाचा एक तिसराच प्रकार बोलण्यात रूढ झालाय. तो या दोन्हींच्या संकरातून जन्मला असावा.

या पुस्तकाला निमित्त झालं ते अशाच शब्दांचं. इंग्रजीतले खरोखर अवघड शब्द फारसा त्रास देत नाहीत. ते दिसले की माणूस थबकतो, कोश उघडतो, मुलाला विचारतो, नाहीतर ते वाक्यच सोडून देतो. गोत्यात आणतात ते सोपे, घरचे झालेले शब्द. त्यांचा अर्थ आपल्याला ठाऊक आहे अशी खात्री असते, म्हणून आपण त्यांच्याकडे दुसऱ्यांदा पाहतच नाही.

ही खात्री शाळेत तयार होते. शब्दार्थांची वही आठवा: मध्ये उभी रेघ, डावीकडे इंग्रजी शब्द, उजवीकडे मराठी. एका ओळीत एक शब्द, एक अर्थ. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर आपल्या कित्येक पिढ्या इंग्रजी शिकल्या, आणि त्या पाठमालेचे उपकार नाकारण्याचा कृतघ्नपणा मी करणार नाही. वाक्याला वाक्य जोडून भाषा शिकवण्याची तिची शिस्त आजच्या कित्येक 'स्पीकिंग कोर्स'पेक्षा बरी होती. पण वहीतली ती रेघ डोक्यात कायमची बसली. गंमत म्हणजे आपले जुने कोशकार असे नव्हते. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१चा, मोल्सवर्थ आणि कँडी यांचा इंग्रजी-मराठी कोश १८४७चा. तो उघडून पाहा, एकेका इंग्रजी शब्दापुढे मराठी प्रतिशब्दांची रांगच्या रांग लागलेली दिसेल. कोशाने दिलेली रांग वहीने एकावर आणून ठेवली.

'सँक्शन' घ्या. गृहकर्जाचं सँक्शन लेटर हातात आलं की पेढे वाटतात, कारण सँक्शन म्हणजे मंजुरी. त्याच आठवड्यात वर्तमानपत्रात बातमी येते की अमेरिकेने अमुक देशावर सँक्शन्स लादली, आणि तिथे सँक्शन म्हणजे शिक्षा, निर्बंध. एकाच शब्दाने मंजुरीही द्यावी आणि मुस्कटदाबीही करावी, हे कसं? शब्दाचं मूळ लॅटिन आहे आणि तिथे त्याचा संबंध कायदा पवित्र, पक्का करण्याशी होता. कायदा पक्का झाला की तो काही गोष्टींना परवानगी देतो आणि मोडणाऱ्याला दंड करतो. पुढे या दोन फांद्या वेगवेगळ्या वाढल्या. 'ओव्हरसाइट'चंही तसंच. समितीचं ओव्हरसाइट म्हणजे देखरेख, आणि कारकुनाचं ओव्हरसाइट म्हणजे नजरचूक. एखाद्या घोटाळ्याच्या अहवालात दोन्ही अर्थ लागू पडतात ही गोष्ट वेगळी.

टँकरच्या पाठीवर आपण 'हायली इनफ्लेमेबल' वाचत मोठे झालो. इंग्रजीत 'इन' लागलं की अर्थ उलटा होतो, हा नियमही आपण शाळेत शिकलो. त्या नियमाने हा टँकर अगदी निर्धोक ठरायला हवा. इथला 'इन' नकाराचा नाहीच, 'आत' या अर्थाचा लॅटिन उपसर्ग आहे, म्हणजे ज्वाळेत शिरणारा. हा घोळ इंग्रजी ज्यांची मातृभाषा आहे त्यांचाही व्हायचा. म्हणून अमेरिकेतल्या अग्निसुरक्षेच्या संस्थेने १९२०च्या दशकापासून 'इन' काढून नुसतं 'फ्लेमेबल' लिहा असा आग्रह धरला. आज दोन्ही शब्द चालतात आणि दोन्हींचा अर्थ एकच आहे.

इंग्रजीत गोंधळणं हा परक्यांचाच प्रांत आहे असा आपला एक न्यूनगंड असतो. तो सोडलेला बरा. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश आणि अमेरिकन सेनाधिकारी एकत्र बसले असताना ब्रिटिशांनी एक तातडीचा कागद 'टेबल' करायचा आग्रह धरला. ब्रिटिश इंग्रजीत टेबल करणं म्हणजे विषय चर्चेला घेणं. अमेरिकन इंग्रजीत त्याचा अर्थ विषय बाजूला ठेवणं. दोन्ही बाजूंना हवं होतं एकच, आणि तरीही बराच वेळ कडाक्याचा वाद झाला, असं खुद्द चर्चिलनेच आपल्या युद्धेतिहासात लिहून ठेवलंय. तो किस्सा हसण्यावारी गेला. कोरियातला प्रसंग मात्र हसण्यासारखा नाही. एप्रिल १९५१मध्ये इमजिन नदीकाठी ब्रिटिश ग्लॉस्टर पलटण चिनी फौजांच्या वेढ्यात सापडली होती. ब्रिटिश ब्रिगेडियरने वरिष्ठ अमेरिकन जनरलला परिस्थिती जरा 'स्टिकी' आहे, अशा अर्थाचं काहीतरी सांगितलं. इंग्रज माणूस संकटाबद्दल असं बोलतो तेव्हा पाणी गळ्यापर्यंत आलेलं असतं. अमेरिकन जनरलने ते शब्दशः घेतलं: थोडी अडचण आहे, पण निभावतंय. मदत वेळेवर पोचली नाही आणि पलटणीतले बहुतेक सैनिक मारले गेले किंवा कैद झाले. पराभवाची सगळी जबाबदारी एका शब्दावर टाकणं अतिशयोक्ती होईल, युद्धात कारणं पुष्कळ असतात. पण ऑफिसात साहेब म्हणतो, 'मला एक छोटीशी शंका आहे', तेव्हा ती छोटी नसते, एवढं ओळखायला हा प्रसंग पुरेसा आहे.

आकडेही यातून सुटलेले नाहीत. जुन्या ब्रिटिश हिशेबात बिलियन म्हणजे एकावर बारा शून्यं, अमेरिकन हिशेबात नऊ. ब्रिटिश सरकारने अमेरिकन बिलियन स्वीकारल्याचं पंतप्रधान हॅरल्ड विल्सन यांनी संसदेत सांगितलं ते १९७४ साली. त्याआधीचं ब्रिटिश पुस्तक वाचताना बिलियन दिसला की थांबून पाहावं. आपल्यासाठी सोपी खूण: आजचा एक बिलियन म्हणजे शंभर कोटी.

स्पेलिंगबद्दल इथे फार बोलणार नाही. 'डेट'मध्ये न उच्चारला जाणारा बी का, याचं उत्तर एवढंच की लॅटिन मुळाची आठवण म्हणून पंडितांनी तो नंतर घुसडला. विल्यम कॅक्सटनने १४७६मध्ये इंग्लंडात छापखाना आणला, छापलेली स्पेलिंगं हळूहळू स्थिरावत गेली आणि लोकांचे उच्चार मात्र बदलत राहिले. त्या गमती मनोरंजक आहेत, पण स्पेलिंग चुकल्याने कुणाचं घर जात नाही.

क्रियापदांच्या शेपटांनी मात्र बरेच जण हैराण होतात, म्हणून त्यांना या पुस्तकात बरीच जागा दिली आहे. 'गो ऑफ' पाहा. अलार्म गो ऑफ झाला म्हणजे वाजला. दिवे गो ऑफ झाले म्हणजे गेले. दूध गो ऑफ झालं म्हणजे नासलं. बॉम्ब गो ऑफ झाला म्हणजे फुटला. एक सुरू होतो, एक बंद पडतो, एक बिघडतं, आणि शब्द तेच. यावर वैतागून इंग्रजीला वेड्यांची भाषा म्हणण्याआधी आपल्या 'लागणे'कडे बघावं. भूक लागते, मार लागतो, दार लागतं, वेड लागतं, निकाल लागतो, नोकरी लागते, रांग लागते. 'गाडी लागली' हे वाक्य स्टँडवर कंडक्टरने म्हटलं तर पिशव्या उचलायच्या आणि घाटात शेजारच्याने म्हटलं तर पिशवी पुढे करायची. हे आपल्याला कुणी शिकवलं नाही. आपण ते प्रसंगासकट ऐकलं, म्हणून प्रसंगासकट लक्षात राहिलं. 'गो ऑफ'ही तसाच, दूध आणि अलार्म यांच्यासकट पाठ करावा. सुटा पाठ केला की तो दगा देतो.

काही घोटाळे आपण आपल्याच घरून नेतो. मराठी मुलगा परीक्षा देतो, म्हणून इंग्रजीतही तो ती 'गिव्ह' करतो. इंग्रजीत परीक्षा देतात मास्तर, मुलगा ती 'टेक' करतो. दिवा बंद करायचा म्हणून आपण तो 'क्लोज' करतो. यात समजायला अडचण येत नाही, फार तर समोरचा गालात हसतो. होकार-नकाराचा घोळ याहून गंभीर. रेल्वेच्या डब्यात कुणी विचारतो, 'डू यू माइंड इफ आय सिट हिअर?' आणि आपण सौजन्याने, मान डोलवत 'येस, येस' म्हणतो. प्रश्न असा होता: मी इथे बसलो तर तुमची हरकत आहे का? आपण उत्तर दिलं: आहे, आहे. तो गृहस्थ उभाच राहतो आणि आपल्याला कळत नाही की जागा दिली तरी हा बसत का नाही. नकारार्थी प्रश्नातही तेच. 'तू पत्र पाठवलं नाहीस?' याला मराठीत 'हो, नाही पाठवलं' असं उत्तर सहज येतं. इंग्रजीत तिथे 'नो' म्हणावं लागतं. गप्पांत हे खपून जातं. उलटतपासणीत किंवा व्हिसाच्या मुलाखतीत खपेलच असं नाही.

याचा अर्थ आपलं सगळं इंग्रजी सदोष, असं मी म्हणत नाही. उलट भारतीय इंग्रजीतल्या काही शब्दांचा मला अभिमान आहे. 'प्रीपोन' हा त्यातला एक. 'पोस्टपोन' आहे तर त्याच्या विरुद्ध शब्द का नसावा, हा प्रश्न आपल्याला पडला, आपण तो शब्द रूढ केला, आणि ऑक्सफर्डच्या कोशालाही तो घ्यावा लागला. 'आउट ऑफ स्टेशन' आणि 'डू द नीडफुल' हे कंपनी सरकारच्या कचेऱ्यांतून आलेले शिक्के आहेत आणि आपसात ते बिनधास्त चालवावेत. सावध राहायचं ते उंबरठा ओलांडताना. 'मी २०१५ला पास आउट झालो' असं परदेशी मुलाखतीत सांगितलं तर ऐकणाऱ्याला वाटेल की हा तेव्हा चक्कर येऊन पडला होता. रविवारच्या वधू-वर जाहिरातीतली 'होमली' मुलगी आपल्या लेखी घर सांभाळणारी. लंडनमध्ये होमली म्हणजे घरगुती, उबदार, आणि तो शब्द बहुधा खानावळीला लावतात. न्यूयॉर्कमध्ये होमली म्हणजे दिसायला बेतास बात. अमेरिकेतल्या स्थळाला अशी जाहिरात पाठवणाऱ्या आईबापांनी याची नोंद घ्यावी.

दवाखान्यातल्या इंग्रजीवर मी सर्वांत जास्त पानं खर्च केली आहेत, कारण तिथे शब्द चुकला तर रात्रीची झोप जाते. पोटाच्या सोनोग्राफीचा रिपोर्ट संध्याकाळी मिळतो आणि डॉक्टर भेटणार दुसऱ्या दिवशी. मधल्या वेळात घरातलं सगळ्यात शिकलेलं माणूस तो मोठ्याने वाचतं. पित्ताशयापुढे लिहिलेलं असतं 'अनरिमार्केबल'. रिमार्केबल म्हणजे उल्लेखनीय, चांगलं. मग अनरिमार्केबल म्हणजे काहीतरी कमी आहे असा तर्क होतो. रेडिओलॉजिस्टच्या भाषेत त्याहून चांगला शेरा नाही: नोंद करावी असं तिथे काहीही सापडलं नाही. 'ग्रॉसली नॉर्मल' वाचून धडकी भरते, पण तिथे ग्रॉसली म्हणजे ढोबळमानाने. 'अक्यूट'ला आपण गंभीर समजतो. त्याचा अर्थ अचानक उद्भवलेलं, थोड्या मुदतीचं. साधी सर्दीही अक्यूट असते. 'क्रॉनिक' म्हणजे दीर्घकाळ चाललेलं, ते सौम्यही असू शकतं. आणि रिपोर्ट 'पॉझिटिव्ह' आला म्हणजे जे शोधत होते ते सापडलं. गरोदरपणाच्या चाचणीत ती आनंदाची बातमी, क्षयाच्या चाचणीत नाही. कोविडनंतर हा शेवटचा धडा सगळ्यांना पाठ झालाय, बाकीचे अजून व्हायचेत.

कायद्याच्या इंग्रजीत तर शब्दाचा अर्थ लावायला घटनापीठं बसली आहेत. राज्यघटनेच्या कलम १२४ प्रमाणे न्यायाधीशांच्या नेमणुकीत सरन्यायाधीशांशी 'कन्सल्टेशन' करायचं. कन्सल्टेशन म्हणजे सल्ला विचारणं की संमती घेणं? १९८१मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने म्हटलं, सल्ला विचारणं म्हणजे संमती नव्हे. १९९३मध्ये नऊ न्यायाधीशांच्या पीठाने तो निर्णय फिरवला आणि सरन्यायाधीशांच्या मताला अग्रक्रम दिला. आजची कॉलेजियम पद्धत त्या निकालातून आली. शब्द तोच, कोशातला अर्थही तोच, पण सत्ता एका हातातून दुसऱ्या हातात गेली. अमेरिकेतल्या मेन राज्यात एका स्वल्पविरामावरून असाच खटला उभा राहिला. कोणत्या कामांना जादा वेळेचा मोबदला मिळणार नाही, याची यादी तिथल्या कायद्यात होती. यादीच्या शेवटी 'पॅकिंग फॉर शिपमेंट ऑर डिस्ट्रिब्यूशन' होतं, आणि शिपमेंटनंतर स्वल्पविराम नव्हता. म्हणजे वितरण वेगळं काम, की वितरणासाठी केलेलं पॅकिंग? दुधाच्या गाड्या चालवणाऱ्यांनी म्हटलं, आम्ही पॅकिंग करत नाही, आम्हाला मोबदला द्या. २०१७मध्ये अपील न्यायालयाने त्यांची बाजू मान्य केली आणि पुढच्या वर्षी डेअरीने पन्नास लाख डॉलरला तडजोड केली.

आपल्या घरातला असाच शब्द म्हणजे 'नॉमिनी'. खात्यावर ज्याचं नाव नॉमिनी म्हणून लागलं, पैसा त्याचा, असं शंभरातले बहुतेक लोक मानतात. कायदा तसं मानत नाही. नॉमिनीने पैसे स्वीकारायचे ते वारसांच्या वतीने. मालकी वारसाहक्काने किंवा मृत्युपत्राने ठरते. विम्याबाबत सर्वोच्च न्यायालयाने हे १९८३मध्ये सांगितलं आणि शेअर्सबाबत डिसेंबर २०२३मध्ये, मुंबईतून गेलेल्या एका खटल्यात. विमा कायद्यात २०१५मध्ये दुरुस्ती होऊन आईवडील, पतीपत्नी आणि मुलं नॉमिनी असतील तर वेगळी तरतूद आली, पण बँकेतल्या ठेवींना ती लागू नाही. वडिलांनी धाकट्याचं नाव नॉमिनी म्हणून लावलं, म्हणून धाकटा निश्चिंत आणि थोरला दुखावलेला, असं कित्येक घरांत घडतं. दोघांचीही समजूत एका शब्दामुळे चुकलेली असते. संयुक्त खात्याच्या फॉर्मवर 'आयदर ऑर सर्व्हायव्हर'वर खूण केली तर दोघांपैकी कुणीही व्यवहार करू शकतो. त्याच्या खालच्या 'फॉर्मर ऑर सर्व्हायव्हर'वर केली तर पहिलं नाव असलेला हयात असेपर्यंत दुसऱ्याला पैसे काढता येत नाहीत. नवरा अतिदक्षता विभागात आणि बायको बँकेच्या काउंटरवर रिकाम्या हाताने, हे त्या एका खुणेमुळे होतं.

म्हणून पुस्तकाची मांडणी अकारविल्हे केलेली नाही. शब्द जिथे भेटतात त्या ठिकाणांप्रमाणे प्रकरणं केली आहेत: बँक, दवाखाना, कोर्ट, कचेरी, प्रवास, घर. सगळं पुस्तक सलग वाचायची गरज नाही. कर्ज घेताना पहिलं प्रकरण वाचा, रिपोर्ट हाती आला की दुसरं. डॉक्टर किंवा वकील यांची जागा हे पुस्तक घेणार नाही. त्यांना कोणता प्रश्न विचारायचा तेवढं त्यातून कळेल. इंग्रजीला वाघिणीचं दूध म्हणण्याची आपल्याकडे जुनी रीत आहे. त्या दुधाचं कौतुक बाजूला ठेवून त्यात पाणी किती आणि कुठे, हे मी तपासायचा प्रयत्न केलाय.

जाता जाता एक माहिती, जिचा उपयोग हे पुस्तक विकत न घेताही करता येईल. सामान्य ग्राहकांना दिले जाणारे छापील फॉर्म इंग्रजी, हिंदी आणि त्या प्रदेशाच्या भाषेत असावेत, अशी रिझर्व्ह बँकेची बँकांना सूचना आहे. महाराष्ट्रात ती भाषा मराठी. पुढच्या वेळी इंग्रजी फॉर्म समोर सरकवला गेला की सही करण्याआधी मराठी प्रत मागा, आणि 'संपलेत' असं उत्तर आलं तर शाखाधिकाऱ्यांकडे लेखी मागा.